मदत हवी आहे: पार्शल गुडघा रिप्लेसमेंटनंतर एक्स-रेमध्ये प्लेटखाली काळी रेघ, सांधा सैल झालाय का?

सेलूकर: आई, वय ६३. पाच महिन्यांपूर्वी डाव्या गुडघ्याचं पार्शल झालं, फक्त आतल्या बाजूचं. सिमेंटचं आहे, मधे सरकणारं प्लास्टिक. गुडघा ११५ अंश वाकतो, काठी सुटली. पण सांध्याच्या दोन बोटं खाली, आतल्या बाजूला हाडावर दाबलं की दुखायलंय. ताप नाही. परभणीत एक्स-रे काढला, रिपोर्टमध्ये नडगीच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या प्लेटखाली काळी रेघ आणि ‘लूझनिंग?’ असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात पूर्ण गुडघा बदला. काय करावं?

गोदाकाठ: लगेच बदलायची घाई नको. सिमेंटच्या पार्शलमध्ये प्लेटखाली बारीक रेघ अगदी नेहमी दिसते. रेघ २ मिमीपेक्षा कमी, सगळीकडे सारखी, तिच्या खालच्या कडेला हाडाची पातळ पांढरी किनार, आणि पुढच्या एक्स-रेत तेवढीच, असं असेल तर ती सैलपणाची खूण नाही. काळजी कधी? रेघ २ मिमीच्या पुढे, कडा धूसर, पांढरी किनार नाही, दर फिल्मला रुंदी वाढतेय किंवा प्लेट कलली, खचली.

दुखतंय ती जागाही ओळखीची आहे. प्लेटखालच्या हाडावर नवा भार येतो, ते जुळवून घेईपर्यंत तिथं दुखतं. बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात कमी होतं. पार्शल काढून पूर्ण सांधा बसवणं तुलनेनं सोपं, म्हणून अशा दुखण्यावर कारण न सापडताच ऑपरेशन सुचवलं जातं. कारण सापडलं नसेल तर त्यानंतरही दुखणं राहू शकतं.

फिल्मवाला: रिपोर्टच्या आधी फिल्म बघा. समोरच्या एक्स-रेत प्लेट काठावरून, एका सरळ पट्टीसारखी दिसली पाहिजे. तिचा पृष्ठभाग लंबगोल दिसत असेल तर किरण तिरका गेलाय. मग खरी रेघ झाकली जाते नाहीतर रुंदी चुकते. टेक्निशियनला सांगा: उभं राहून, किरण प्लेटला समांतर, आणि एक बाजूचाही. तुलना ऑपरेशननंतरच्या पहिल्या फिल्मशी करा. ती सीडी मागून घ्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोत एक मिमी कुणालाच मोजता येत नाही. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, त्यातल्या धातूच्या खुणा दिसतात. त्या जागेवर आहेत ना, तेही विचारा.

सेलूकर: किनार पांढरी दिसतेय असं वाटतं. रक्त तपासायचं का? गावातले डॉक्टर गुडघ्यात इंजेक्शन देतो म्हणालेत.

गोदाकाठ: इंजेक्शन अजिबात नको. बसवलेल्या सांध्यात स्टिरॉइड म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. सीआरपी आणि ईएसआर करा, अंगातली सूज किंवा जंतुसंसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आहेत. पाच महिन्यांनी सीआरपी नॉर्मल हवं. ईएसआर थोडं वर राहू शकतं. सीआरपी वाढलेलं असेल तर सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला पाठवायचं, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. गोळ्या आधी घेतल्या तर कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. हाडाचा स्कॅन आत्ता नको, पहिलं वर्षभर तो तसाही ‘हॉट’च येतो, म्हणजे सगळं ठीक असलं तरी ती जागा उजळलेलीच दिसते.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच आधी दाखवा, दुसरं मत संभाजीनगरला घ्या. रक्त नॉर्मल असेल तर सहा महिन्यांनी त्याच पद्धतीची फिल्म.

थांबायचं नाही ते यासाठी: गुडघा अचानक अडकला, ‘कट’ झालं आणि पाय टेकवेना, जखमेतून पाणी आलं, ताप आला. पहिल्या दोन्हीत प्लास्टिक निसटलेलं किंवा नडगीचं हाड मोडलेलं असू शकतं. त्याच दिवशी एक्स-रे.

फिल्मवाला: जिना उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली, चढताना चांगला आधी वर. भाकरी उभ्यानं ओट्यावरच थापू द्या.