क्लीव्हलँडची जुनी व्हॉडव्हिल थिएटरं: बाबांना काय दाखवू, आधी काय वाचू?

स्नेहा_सोलोन
नमस्कार. जूनमध्ये आईबाबा येतायत आमच्याकडे, क्लीव्हलँडजवळ सोलोनला. बाबांची सगळी हयात रंगमंच कामगार म्हणून गेली, सांगली कोल्हापूर पुणे असे दौरे, रात्री प्रयोग संपला की सेट उतरवायचा, गाडीत भरायचा आणि पहाटे पुढच्या गावी. नायगारा वगैरे होईलच पण मला त्यांना इथली जुनी थिएटरं नीट दाखवायचीत. प्लेहाउस स्क्वेअरला आम्ही अधूनमधून शो बघायला जातो, रस्त्यावरचं ते मोठं झुंबर मुलांना आवडतं, पण शंभर वर्षांपूर्वी तिथे व्हॉडव्हिल चालायचं म्हणजे नक्की काय चालायचं, पडद्यामागे काम कसं असायचं हे मला सांगता येत नाही आणि बाबा आत शिरल्या शिरल्या तेच विचारणार. कुठलं थिएटर आधी दाखवू? ऑनलाइन काही वाचण्या-बघण्यासारखं आहे का? बाबांना इंग्रजी बोललेलं फारसं कळत नाही, त्यामुळे मलाच तयारी करून जावं लागेल.

युक्लिडकर
पहिलं पॅलेस, बाकी सगळं नंतर.

त्या चौकात दोन वर्षांच्या आत पाच थिएटरं उघडली. स्टेट आणि ओहायो फेब्रुवारी १९२१, हॅना मार्च, ॲलन एप्रिल आणि पॅलेस ६ नोव्हेंबर १९२२. आज सगळी एकाच रांगेतली वाटतात पण काम वेगवेगळं होतं. ओहायो आणि हॅना नाटकांसाठी, ॲलन सिनेमासाठी, स्टेट हे लोव कंपनीचं म्हणजे सिनेमा आणि मधे व्हॉडव्हिल असं मिश्र, आणि वरच्या दर्जाचं व्हॉडव्हिल पॅलेसला. पॅलेस हे कीथ सर्किटचं, म्हणजे तेव्हाच्या व्हॉडव्हिल थिएटरांच्या सगळ्यात ताकदवान साखळीचं. स्वतः बी. एफ. कीथ १९१४ लाच गेले होते, त्यांच्या नावाने त्यांचा उजवा हात एडवर्ड ॲल्बीने हे उभं केलं आणि वर २१ मजली कीथ बिल्डिंग, त्या वेळी गावातली सगळ्यात उंच. पहिल्या रात्रीचं मोठं नाव एल्सी जॅनिस, नकला आणि गाणी करणारी बाई, मूळची कोलंबसची म्हणजे ओहायोचीच, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन सैनिकांसमोर कार्यक्रम करून आलेली.

मग स्टेटची लॉबी दाखवा. ३२० फूट लांब! थिएटर मागच्या बाजूला पण दार मात्र युक्लिड अव्हेन्यूवरच हवं, म्हणून एवढी लांबण. जेम्स डॉहर्टीची चार मोठी भित्तिचित्रं आहेत तिथे, एकेका खंडाच्या नावाने, त्यांच्यासमोर थोडं थांबा, लोक पॉपकॉर्न घेऊन तसेच पुढे जातात याचं मला फार वाईट वाटतं.

पडदा_ओढा
युक्लिडकरांनी इमारती सांगितल्या, मी कामाचं सांगतो कारण तुमच्या बाबांना त्यातच रस असणार.

व्हॉडव्हिल म्हणजे एक नाटक नव्हे, एका खेळात आठ-नऊ वेगळे आयटम, प्रत्येक साधारण दहा ते वीस मिनिटं, एकमेकांशी काही संबंध नाही. कसरतवाले, गाणारी जोडी, विनोदी प्रवेश, जादूगार, शिकवलेली कुत्री, मधेच एखादी नाटकातली मोठी नटी छोटा प्रवेश करून जाते. मोठ्या थिएटरला दिवसाला दोन खेळ, दुपारी आणि रात्री, लहान ठिकाणी तीन चार किंवा जास्तसुद्धा. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम जसा ठरलेला तसा इथेही क्रम अगदी पक्का. पहिला आयटम न बोलता करायचा, कसरत किंवा प्राणी, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात आणि शब्द कानावर पडणारच नाहीत. मध्यंतराच्या आधी एक जोरदार. सगळ्यात मोठं नाव शेवटून दुसरं. आणि शेवटचा पुन्हा बिनबोलाचा, कारण लोक घरी जायला उठलेले असतात, त्या जागेवर यायला कुणालाच आवडायचं नाही.

आता बाबांसाठी महत्त्वाचं. हा क्रम नुसता नटांच्या मानापानावर ठरत नसे, सेट बदलायला किती वेळ लागतो त्यावरही ठरायचा. एक आयटम पुढच्या पडद्याच्या अलीकडे, रंगमंचाच्या अगदी पुढच्या अरुंद पट्टीत करायचा, त्याला 'इन वन' म्हणायचे. दोन माणसं तिथे उभं राहून गप्पा-विनोद करतायत आणि त्यांच्या पाठीमागे बॅकस्टेजवाले आवाज न करता पूर्ण रंगमंचाचा पुढचा सेट लावतायत. मग पडदा वर, पूर्ण स्टेजचा आयटम, तो संपला की पुन्हा 'इन वन'. काळोख करून प्रेक्षकांना बसवून ठेवणं नाही, खेळ सलग चालू. मी स्वतः हौशी नाटकांचं बॅकस्टेज करतो आणि मला वाटतं की या धंद्याचं श्रेय जेवढं स्टारला मिळालं तेवढंच त्या विंगेतल्या माणसांना मिळायला हवं होतं. बाबांना पॅलेसच्या बाल्कनीत नेऊन तिथून रंगमंचाची पुढची पट्टी दाखवा आणि एवढं सांगा, बाकी ते स्वतःच तुम्हाला समजावतील.

सोमवारचं पण सांगा. आयटमवाले आठवडाभराच्या मुक्कामाला यायचे, सोमवारी सकाळी पिटातल्या, म्हणजे रंगमंचापुढच्या खोलगट जागेतल्या वादकांबरोबर एकच तालीम, स्वतःच्या गाण्यांची नोटेशन्स स्वतः आणायची, आणि दुपारी थेट खेळ.

स्नेहा_सोलोन
बापरे केवढं दिलंत, सगळं कॉपी करून ठेवलंय. दोन प्रश्न. बाबा विचारणारच की यांना नाइट (प्रयोगामागे मिळणारे पैसे) कशी मिळायची आणि ठेकेदार कोण. आणि दुसरं म्हणजे जुन्या जाहिराती शोधताना तोंडाला काळं फासलेल्या नटांचे फोटो सारखे येतायत, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तीही सोबत असेल, हे टाळावं की सांगावं?

मीनल_ग्रंथपाल
दुसऱ्याचं आधी. सांगावं, नक्की सांगावं. काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणं हा त्या रंगमंचाचा नेहमीचा भाग होता, आयरिश, जर्मन, ज्यू लोकांच्या ठरीव नकलाही तशाच, पण कृष्णवर्णीय प्रेक्षकांना बऱ्याच ठिकाणी वरच्या गॅलरीतच बसवायचे त्यामुळे ती जखम वेगळीच. बर्ट विल्यम्ससारखा मोठा विनोदी नट स्वतः कृष्णवर्णीय असून त्याला काळं फासूनच उभं राहावं लागलं. हे न सांगता फक्त झुंबरं दाखवली तर मुलीला अर्धीच गोष्ट कळेल असं माझं ठाम मत आहे.

आणि त्याच दिवशी तिला कारामू हाउस दाखवा, क्विन्सी अव्हेन्यूवर. १९१५ मध्ये रसेल आणि रोवेना जेलिफ या गोऱ्या जोडप्याने वस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं केंद्र, पुढे तिथे कृष्णवर्णीय नटांची नाटक मंडळी उभी राहिली, चार्ल्स गिल्पिन या नटाच्या नावाने गिल्पिन प्लेअर्स. कवी लँग्स्टन ह्यूज शाळकरी वयात तिथे यायचा. जुनं थिएटर १९३९ मध्ये जळलं, आत्ताची इमारत नंतरची, पण संस्था आजही नाटकं करते. क्लीव्हलँड प्ले हाउस पण त्याच १९१५ चं. म्हणजे एकीकडे बाहेरून दर आठवड्याला नवे खेळ आणणारा व्यवहार आणि दुसरीकडे गावातल्याच लोकांनी उभं केलेलं नाटक, दोन्ही शेजारी शेजारी. बाबांना हा फरक लगेच कळेल.

आता वाचायचं. माझा सल्ला असा की इतिहास सुरुवातीपासून वाचत बसू नका, एकच आठवडा धरा. समजा नोव्हेंबर १९२२ मधला पॅलेसचा एक आठवडा. त्या आठवड्याची जाहिरात क्लीव्हलँडच्या जुन्या वर्तमानपत्रांत शोधा (पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर बरंच बघता येतं, नाहीतर तिथल्या माणसांना विचारा, ते आनंदाने मदत करतात), आठ-नऊ नावं मिळतील. मग प्रत्येक नाव 'व्हरायटी' साप्ताहिकात शोधा. ते १९०५ पासूनचं आहे आणि जुने अंक मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतात, कोण कुठल्या गावाहून कुठे चाललंय, कुणाचा आयटम पडला, सगळं. एवढं केलंत तरी ती नावं माणसं होतात. फोटोंसाठी क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीचा क्लीव्हलँड मेमरी प्रोजेक्ट.

आणखी एक खजिना म्हणजे आयोवा युनिव्हर्सिटीतला कीथ-ॲल्बी संग्रह. प्रत्येक गावातला मॅनेजर सोमवारचा खेळ बघून एकेका आयटमवर अहवाल लिहून वरच्या ऑफिसला पाठवायचा, लोक किती हसले, काय कापायला सांगितलं, पुन्हा बोलवायचा की नाही. अशा अहवालांच्या वह्या तिथे आहेत, १९०२ पासूनच्या.

पडदा_ओढा
नाइटचं मी सांगतो. नाइट नव्हे, आठवड्याचा पगार. मोठी थिएटरं १९०६ पासून युनायटेड बुकिंग ऑफिस नावाच्या एकाच खिडकीतून आयटम घ्यायची आणि ते ऑफिस नटाच्या पगारातून ५ टक्के कापायचं, म्हणजे थिएटरचे मालक आणि दलाल एकच. विरोधात नटांनी १९०० मध्येच व्हाइट रॅट्स नावाची संघटना काढली होती, १९०१ ला संप केला, १९१६-१७ ला पुन्हा केला आणि तो मालकांनी पार मोडून काढला, भाग घेतलेल्यांना कामं मिळेनात. शिवाय भाषेवर पहारा, कुठले शब्द बोलायचे नाहीत याच्या पाट्या पडद्यामागे लावलेल्या, कारण बायकामुलांनी यावं हा कीथचा आग्रह. बाबांना हा भाग जरूर सांगा, कामगार माणसाला तो आपला वाटेल.

युक्लिडकर
मीनलताईंची एक आठवड्याची युक्ती उत्तम आहे. वेळ उरला तर हिप्पोड्रोमची जागा पण बघा, युक्लिड आणि प्रॉस्पेक्ट दोन्हीकडे दार असलेलं अवाढव्य थिएटर, १९०७ च्या डिसेंबरात उघडलं, रंगमंचात पाण्याची टाकी होती. १९८१ ला पाडलं.

मीनल_ग्रंथपाल
मला नाही वाटत, युक्लिडकर. तिथे उभं राहून सत्तरी गाठलेल्या माणसाला काय दिसणार? त्यापेक्षा तो अर्धा तास पॅलेसला जास्त द्या.

युक्लिडकर
दिसणार काही नाही, पण बाकीची वाचली ती कशी हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. कीथने १०५ व्या रस्त्यावर १९२१ मध्ये उघडलेलं दुसरं थिएटरही गेलं, आपली क्लीव्हलँड क्लिनिक या हॉस्पिटलात काम करणारी कितीतरी मंडळी त्या चौकातून रोज जातात. प्लेहाउस स्क्वेअरची चार थिएटरं १९६८-६९ मध्ये बंद पडली होती, १९७२ मध्ये काही पाडून पार्किंग करायचं घाटत होतं. रे शेपर्डसन नावाचा शिक्षण खात्यातला साधा नोकरदार १९७० मध्ये मीटिंगसाठी जागा शोधत तिथे गेला आणि मग त्याने हट्टच धरला. १९७३ मध्ये स्टेटच्या लॉबीतच एक संगीत कार्यक्रम लावला, थोडे आठवडे चालेल अशी अपेक्षा, चालला दोन वर्षं. लोक पुन्हा तिथे यायला लागले. मग ओहायो १९८२, स्टेट १९८४, पॅलेस १९८८ अशी एकेक उघडत गेली. या माणसाचं नाव बाबांना सांगितल्याशिवाय परत आणू नका.

स्नेहा_सोलोन
ठरलं, सकाळी पॅलेस आणि स्टेट, दुपारी कारामू, हिप्पोड्रोमची जागा गाडीतून. नोव्हेंबर १९२२ चा आठवडा मी आणि लेक मिळून शोधतोय, नावं मराठीत लिहून बाबांच्या हातात देणार. फक्त एक, विंगेत जाऊ देतील का? बाबांना दोर आणि वजनं बघायची असणार.

पडदा_ओढा
प्लेहाउस स्क्वेअरचे स्वयंसेवक टूर देतात, तारखा साइटवर बघून घ्या. पण विंगेत जाता येईल की नाही हे त्या दिवशी कुठला सेट लागलाय त्यावर असतं, त्यामुळे आधी ईमेल करा आणि वडील रंगमंच कामगार होते हे पहिल्या ओळीत लिहा. सेट चढत-उतरत असेल तो दिवस टाळा, बाबा हात लावायला जातील.