मदत हवी आहे: रोज क्विझ घेतेय तरी घटक चाचणीत पेपर कोरे

खडू_फळा:
वैताग आलाय नुसता. धडा परत परत वाचण्यापेक्षा आठवून लिहिलं की जास्त टिकतं असं बरंच वाचलं, म्हणून दिवाळीनंतर तासाच्या सुरुवातीलाच वही-पुस्तक बंद करून क्विझ घ्यायला लागले. पोरं धडाधड उत्तरं देतात आणि घटक चाचणीत तेच विचारलं की कोरं. वर मुख्याध्यापक म्हणतात पोर्शन मागे पडतोय, बंद करा हे. काय करू? प्लीज, मोबाईल काढून घ्या वगैरे नको.

मीठभाकर:
इयत्ता? विषय?

निवांत_काका:
मोबाईल काढून घ्या. आम्ही पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, रोज संध्याकाळी म्हणायचो, आजही झोपेत विचारा. त्याला सायन्स लागत नाही.

खडू_फळा:
नववी, विज्ञान, मराठी माध्यम. वर्गात साठच्या वर पोरं.

मीठभाकर:
क्विझमध्ये प्रश्न कधीचे असतात?

खडू_फळा:
काल शिकवलेले, अजून कधीचे असणार?

मीठभाकर:
मग तिथेच घोळ आहे. कालचं कालच्या जोरावर आठवतं, त्याला काही ताण पडत नाही. थोडं विसरायला झालं की मग विचारायचं, आठवताना जरा घाम फुटला पाहिजे. दोन प्रश्न कालचे, एक मागच्या आठवड्याचा, एक थेट जूनमधल्या 'गतीचे नियम'चा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग बघा, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर नुसतं वाचत बसलेली मुलं पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने घेतली तर वाचणारे 40 वर आणि वारंवार आठवून लिहिणारे 61 वर. म्हणजे लगेच घेतलेल्या क्विझवरून काही कळत नाही हो.

रंगीत_पेन:
प्रत्येक मुलाची शिकण्याची स्टाईल वेगळी असते. आधी टेस्ट करून व्हिज्युअल, ऑडिटरी असे गट पाडा. मी याची वर्कशॉप घेते, व्यक्तिगत निरोप करा.

मीठभाकर:
ताई, ते गट पाडून शिकवल्याने फायदा होतो याला धड पुरावाच नाही. पॅशलर आणि मंडळींनी 2008 मध्ये सगळे अभ्यास तपासून हेच लिहिलं. साठ पोरांत गट पाडायला वेळ कुठाय?

रंगीत_पेन:
पुरावा तुमच्यापाशी, अनुभव माझ्यापाशी.

आई_नववीची:
आमच्या घरी दर रविवारी रडारड. क्विझला मार्क असतात का? आमच्याकडे असतात, मुलगी रात्री फक्त तेवढंच पाठ करते.

खडू_फळा:
असतात की, पाच पैकी. मार्क नसतील तर कोण अभ्यास करणार?

सिंहगडरोडवाला:
मार्क काढून टाका. मार्क आले की शेजाऱ्याच्या वहीत डोकं गेलंच, आणि हात वर करणारी सात-आठ पोरंच वर्ग चालवतात, बाकीचे मान हलवतात. माझा उपाय: पाटी. प्रत्येकाच्या हातात पाटी, उत्तर लिहायचं, 'दाखवा' म्हटलं की सगळ्या एकदम वर. एका नजरेत कळतं कोण कुठे अडलंय. तपासायला वह्या नाहीत, पोर्शनची बोंब पण कमी.

मीठभाकर:
आणि गणितं मिसळून द्या. स्वाध्यायात एका धड्याची सगळी एकाच जातीची असतात, त्यामुळे कुठलं सूत्र लावायचं हे पोराला ठरवावंच लागत नाही. गाडी ब्रेक मारून थांबली, किती अंतर गेली? हे गतीच्या समीकरणानेही सुटतं आणि कार्य-ऊर्जेनेही. धड्याचं नाव न सांगता द्या, वर्गात भांडणं होऊ देत.

खडू_फळा:
हे असं वाटलंच नव्हतं. मुख्याध्यापकांना काय सांगू पण?

सिंहगडरोडवाला:
क्विझ बोलूच नका, 'उजळणी' म्हणा. उजळणीला कोणी नाही म्हणत नाही.

निवांत_काका:
तेच तर मी वर म्हटलं.

मीठभाकर:
काका, पावकीत फक्त क्रम पाठ होतो. मधलाच एखादा आकडा विचारला की सगळे सुरुवातीपासून म्हणत येतात.

निवांत_काका:
विचारून बघा!

खडू_फळा:
साठ पाट्या कुठे मिळतील? दगडी नकोत, फुटतात.

आई_नववीची:
पुण्यात अप्पा बळवंत चौकात पत्र्याच्या मिळतात. जाड पांढरा पुठ्ठा प्लास्टिक पिशवीत घालून मार्करने लिहिलं तरी चालतं, स्वस्त पडतं.

सिंहगडरोडवाला:
गाडी मात्र नेऊ नका चौकात, बसने जा. शनिवारी तर अजिबातच नको.

रंगीत_पेन:
बसस्टॉपला पण उभं राहायला जागा नसते तिथे.