गावनकाशातली वाट कुंपणात गेली: आधी वाट मोकळी करायची की आधी मोजणी?

रानवाट

मुळशी, मावळ, भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे) या पट्ट्यात जमिनीचा व्यवहार झाला की पहिलं काम तारकंपाउंडचं. सिमेंटचे पोल, जाळी, लोखंडी गेट आणि गेटाला कुलूप. त्याच जागेतून वरच्या खाचरांना, देवराईला नाहीतर पलीकडच्या वाडीला जाणारी वाट असते, ती त्या दिवसापासून बंद. भाताचे भारे डोक्यावर घेऊन बायका ओढ्याच्या कडेने दीड-दोन किलोमीटरचा वळसा घालतात.

माझं म्हणणं असं, की गावनकाशात वाट असेल तर कुलूप आधी निघालं पाहिजे. मोजणी, वाद, कोर्ट सगळं नंतर. नकाशात तुटक दुबार रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे आकडे कुणाच्या मनातले नाहीत. जुनी मोजणी 33 फुटी साखळीने व्हायची, साखळीचे सोळा आणे. सव्वाआठ फूट म्हणजे बरोबर चार आणे, साडेसोळा म्हणजे आठ आणे. सातबारावर रस्त्याची नोंद नाही एवढ्यावर वाट मरत नाही.

बांधकरी

रानवाट, तुमची कळकळ समजते, पण "कुलूप आधी" हे मला पटत नाही. कुंपण नेमकं वाटेवर आहे की वाटेच्या चार हात बाजूला, हे मोजल्याशिवाय कोण सांगणार? एकत्रीकरणात (विखुरलेले तुकडे जोडण्याच्या योजनेत) सर्व्हे नंबर मोडून गट झाले, त्यामुळे जुन्या नकाशातली रेघ आजच्या कुठल्या गटात पडते हे टिपण (मूळ मोजणीचा मापांचा कागद) आणि फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा) लावूनच कळतं. मोबाईलवर नकाशा मोठा करून बोट ठेवलं की कागदावरच्या एका मिलिमीटरला जमिनीवर कित्येक फुटांचा फरक पडतो.

दुसरं, सगळे अडवणारे फार्महाऊसवाले नसतात. वीस गुंठेवाला शेतकरीही असतो. 100 मीटर बांधावरून 4 मीटरचा रस्ता म्हणजे 400 चौरस मीटर, जवळजवळ 4 गुंठे. सगळा एकाच्याच अंगावर टाकला तर त्याचं पाचव्या हिश्श्याचं रान गेलं. डोक्यावर भारा नेण्यापुरती मागितलेली वाट तीन वर्षांत ट्रॅक्टरची होते, मग मुरमाची गाडी येते. त्या माणसाने पहिल्याच दिवशी पाऊल अडवलं तर त्याला नुसतं आडमुठा म्हणून चालणार नाही.

मामलेदारी

दोघेही दोन वेगळ्या कलमांबद्दल बोलताय. अर्ज तहसीलमध्ये लोंबकळतात तेही बहुतेक याच गोंधळाने.

वहिवाटीचा रस्ता *होता* आणि अडवला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 (मामलतदार म्हणजे आताचे तहसीलदार). इथे मुदत सहा महिन्यांची, अडथळा झाला त्या तारखेपासून. रस्ता *नव्हताच*, बांधावरून नवा हवा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. "माझी पूर्वापार वाट अडवली, ती नवीन मिळावी" असं एकाच अर्जात लिहिलं की समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो, वाट होती की नव्हती?

कलम 5 च्या दाव्यात अडथळ्याचं स्वरूप, नेमकी जागा, तो केव्हा झाला ती तारीख, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी द्यावी लागते. तारखेवरच सगळं अडतं. "गेल्या पावसाळ्यात" असं मोघम लिहू नका. गेट बसलं त्या आठवड्यातच तलाठ्याकडे (आता ग्राममहसूल अधिकारी) लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सहा महिने उलटले तर तहसीलदारांचा दरवाजा बंद, मग दिवाणी कोर्ट आणि 20 वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा.

बांधकरींच्या चार गुंठ्यांचं उत्तर 143 मध्येच आहे. तो हक्क *हद्दीवरून* आहे, कुणाच्या रानाच्या मधून नाही. रस्ता बांधाच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा टाकला की प्रत्येकी दोन गुंठे जातात. ज्याला दुसरीकडून वाट आहे, त्याचा फक्त जवळचा रस्ता हवा म्हणून केलेला अर्ज सहसा टिकत नाही.

रानवाट

हे मान्य. पण मग देवराईला, गडाला जाणाऱ्या वाटेचं काय? तिच्या टोकाला कुणाचंच शेत नाही.

मामलेदारी

तिथे कलम 5 लागू होत नाही. ते शेती, चराई, झाडं, पिकं यांच्या जमिनीकडे जाणाऱ्या वाटेपुरतं आहे. सार्वजनिक वाट असेल तर ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 53, नाहीतर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 152. इथे मात्र गावनकाशाची प्रमाणित प्रत हातात नसेल तर पाऊलही पुढे पडत नाही.

बांधकरी

निम्मा-निम्मा कागदावर होतो. जमिनीवर ज्याची ओळख कमी त्याच्याच रानात रस्ता सरकतो. म्हणून पुन्हा सांगतो, मोजणी आधी. 22 मे 2025 च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान 3 ते 4 मीटर आणि सातबाराच्या इतर हक्कांत नोंद असं आहे. नोंद कायमची पडणार असेल तर कुठून किती जातंय हे खुणा रोवूनच ठरलं पाहिजे.

काळी_माती

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आदेश होतो, वाट खुली होते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बंद होते, तीही कुणी न अडवता. आदेशात "बांधावरून रस्ता द्यावा" एवढंच असतं. गट क्रमांक, बांधाची दिशा, कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी आणि हातनकाशा नसेल तर नांगराचं एकेक तास (नांगराची रेघ) दरवर्षी रस्त्याच्या आत येतं.

शिरूर-दौंडकडच्या काळ्या रानात तर नुसता मुरूम टाकून भागत नाही. वरची माती न काढता मुरूम पसरला की तो पहिल्या झडीतच चिखलात बसतो. शिवाय उंच झालेला रस्ता वरच्या शेताचं पाणी तुंबवतो, आणि मग तो शेतकरी पाणी काढायला रस्त्यालाच चर मारतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर वाट अडवल्याचा अर्ज! पंचनामा करतानाच पाण्याची उतरण बघा, सखल जागी सिमेंटचा पाइप टाका, त्याचं तोंड ओढ्याकडे ठेवा, आणि पाइप कुणी साफ करायचा तेही दोन्ही बांधकऱ्यांच्या सह्यांनिशी लिहून घ्या.

बांधकरी

पाइपाचं पटलं. वरच्या शेतकऱ्याची सही घेतल्याशिवाय मुरमाची पहिली गाडी उतरू देऊ नये.