बायॉप्सीत आधी कॅन्सर, मग बुरशी. जाब कोण देणार?

भातखाचर: मेव्हण्यांच्या पायावर फुलकोबीसारखा चामखीळ, वर्षानुवर्षं वाढतोय. तालुक्याच्या लॅबने ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, लिहून दिलं. अंगठा कापायचं ठरलं, घरात रडारड. मुंबईत त्याच स्लाइड दाखवल्या तर क्रोमोब्लास्टोमायकोसिस, म्हणजे बुरशी! बुरशीवरच्या इट्राकोनॅझोल गोळ्या चालू आहेत. या लोकांच्या हातात मायक्रोस्कोप देतं कोण?

स्लाइडवाली: डोकं फिरलं, म्हणून लांबण लावते. बुरशी, त्वचेचा क्षय, चिघळलेली जुनी जखम, यांवर एपिडर्मिस, म्हणजे त्वचेचा वरचा थर, चेकाळते आणि खालच्या थरात, डर्मिसमध्ये, जिभा सोडते. बायॉप्सीचा तुकडा तिरका कापला गेला की त्या जिभा सुट्या बेटांसारख्या दिसतात. कॅन्सर घुसतो तोही तसाच दिसतो. स्यूडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लासिया म्हणतात या कॅन्सरसारख्या दिसणाऱ्या खोट्या वाढीला. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर नावाच्या गाठीवरही होतो: गाठ खाली, तुकडा वरवरचा, की फसलात. तुकड्यासोबत आम्हा लॅबवाल्यांकडे डॉक्टरांचा फॉर्म येतो, त्यावर काय लिहून येतं? ‘पायावर गाठ, ?कॅन्सर.’ शेतात काटा मोडला होता हे कोणी कळवलं?

चामडीडॉक्टर: झालं, फॉर्मवर आलात! बाहेर रांग लागलेली असते, निबंध लिहू का?

स्लाइडवाली: दोन ओळी. किती वर्षांपासून, शेतकरी आहे का, तुकडा कुठून घेतला. आमच्याकडे वय नसलेले फॉर्म येतात. एकावर नुसतं ‘टिश्यू’!

चामडीडॉक्टर: आणि तुमचा रिपोर्ट? ‘क्लिनिकली कोरिलेट करा’, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा. हे वाक्य टाकलं की हात झटकून मोकळे!

स्लाइडवाली: कशाशी कोरिलेट करू, तुमच्या अक्षराशी?

पिंपळपान: भांडा खुशाल. आमच्या आत्याला सुई लावली आणि कॅन्सर पसरला.

चामडीडॉक्टर: त्वचेच्या बायॉप्सीने पसरत नाही हो. हे एकदा थांबवा.

पिंपळपान: डोळ्यांनी पाहिलंय.

भातखाचर: फॉर्म गेला चुलीत. क्रोमोमध्ये जाड भिंतीच्या तपकिरी गोल पेशी खास रंग न देताही दिसतात म्हणे. मग?

स्लाइडवाली: त्या तुकड्यात असतील तर दिसायला हव्या होत्या. घ्या, मान्य. पेढे वाटा. पण अशा जुन्या जखमेत पुढे खरा कॅन्सरही होऊ शकतो. गोळ्यांनी एखादा भाग बसला नाही तर तिथली खोल बायॉप्सी पुन्हा करा.

भातखाचर: करू. आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, मागितला की लॅबवाले अंगावर का येतात, तेही सांगा.