सिंडोपा आणि तर्री पोहे: बाबांची सकाळची गोळी लागूच पडत नाही

नंदनवनचा पोरगा:
बाबांना पार्किन्सन्स आहे. सिंडोपा सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला. सकाळची गोळी ते तर्री पोह्यांसोबतच घेतात, वरून कपभर दूध. मग साडेनऊ वाजले तरी पाय उचलत नाही, बाथरूमच्या दारातच खिळून उभे राहतात. दुपारची मात्र बरोबर लागू पडते. पोहे बंद करायचे का? बाबा म्हणतात, "तर्री बंद त गोळी पण बंद."

वर्धा रोड:
डाळ, दूध, अंडी सगळं बंद करा. फरक पडतो.

महालवाली काकू:
असं काही करू नका जी. या आजारात वजन तसंही उतरतं, त्यात प्रथिनं तोडली की माणूस वाळतो.

तुमचे बाबा दुपारी दोनच्या सुमारास जेवत असतील, हो ना? म्हणून ती गोळी चालते. सिंडोपातलं मुख्य औषध लेव्होडोपा. ते आतड्यातून रक्तात न पुढे मेंदूत ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेनं प्रथिनांतली अमिनो आम्लंही जातात. तर्रीतले चणे न वरून दूध म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशीची बर्डीच्या बाजारातली गर्दी, गोळीला रस्ताच मिळत नाही. शिवाय पोट भरलेलं असलं की गोळी पोटातच रेंगाळते.

आमच्याकडे यांची गोळी जेवणाखाण्याच्या निदान अर्धा तास आधी, साध्या पाण्यासोबत. मग पेपर वाचतात. हात मोकळा झाला की पोहे, तर्रीसकट! खाणं आधी झालं असेल त तासभर तरी थांबतो. पाटोडी, वडाभात असलं डाळी-बेसनाचं रात्रीवर ढकललं, आमच्या डॉक्टरांना विचारून. रात्री थोडं आखडलं तरी कुठं जायचं नसते.

रिकाम्या पोटी मळमळलं त दोन मारी बिस्किटं किंवा मूठभर मुरमुरे चालतात. पण उलटीसाठी मेडिकलमधून मेटोक्लोप्रामाइड आणू नका, या आजारात मेंदूत जे डोपामिन कमी पडते त्यालाच ते अडवते, आजार वाढल्यासारखा दिसतो. डॉक्टरांना सांगा, ते दुसरं देतील.

रक्तवाढीची लोहाची गोळी सुरू आहे का? ती न सिंडोपा यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पार्किन्सन्सचीच रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही गोळी असेल त खोकल्याच्या औषधावर डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय का ते वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही, ते दोन्ही सोबत चालत नाही.

नंदनवनचा पोरगा:
काकू, दुपारचं जेवण दोनलाच! लोहाची गोळी आई सकाळच्या सिंडोपासोबतच देत होती, आता रात्री देऊ. बाबा गोळी आधी घ्यायला तयार आहेत, तर्री वाचली म्हणून खूश. अजून एक, मामांनी इतवारीतून कवचबीजाचं चूर्ण आणलंय. ते द्यायचं का?

महालवाली काकू:
नका देऊ. कवचबीजात लेव्होडोपाच असते, पण त्या चमच्यात किती ते कोण मोजणार? सिंडोपावर ते चढलं की अंग वेडंवाकडं हलायला लागू शकते, बीपी पडू शकते. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, न मामांनाही सोबत न्या. घरी आल्यावर मग वाद नाही.