मराठी मजकूर चित्रात कोंबणं बंद करा!

गोदाकाठचा
२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, त्यामुळे पंचवटीपासून त्र्यंबक रोडपर्यंत लॉजवाले, टॅक्सीवाले, सगळ्यांना वेबसाइट हवीय. चांगलंच आहे. पण उघडून बघा: खोल्यांचे दर, चेक-आउटची वेळ, रामकुंड किती लांब, सगळं एका लालभडक पोस्टरात. व्हॉट्सॲपवर फिरवलेलं जेपीजी जसंच्या तसं साइटवर डकवलेलं. मला तरी हा आळस वाटतो.

पर्वणीच्या गर्दीत मोबाइलचं नेट रांगणारच. तिथे सात-आठशे केबीचं चित्र उघडेपर्यंत माणूस शेजारच्या लॉजमध्ये बॅगा टाकून मोकळा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ‘नाशिक’ (न, काना, श, वेलांटी, क) १५ बाइटांत. अख्खं दरपत्रक दोन-तीन केबीत मावतं. शिवाय मजकूर असेल तर आंध्रातल्या भाविकाला ब्राउझर भाषांतर करून देतो, दिसत नसलेल्याला फोन वाचून दाखवतो.

रंगरेषा
आळस म्हणणं सोपं आहे हो. मी कॉलेज रोडला डिझाइनचं काम करते. क्लायंटचा मजकूर येतो डीटीपीवाल्याकडून, जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टात. तो पेस्ट केला की पडद्यावर रोमन चिन्हांची नुसती खिचडी. कन्व्हर्टरमधून काढला तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि पहिली वेलांटी सरकते. ते तपासत कोण बसणार? त्यात हेडिंगला सुलेखनासारखं वळण हवं असतं आणि साइटचं बजेट फ्लेक्सएवढं. चित्रात अक्षर ठेवलं तिथेच राहतं, कुठल्याही फोनवर. आणि देवनागरी वेबफॉन्ट, म्हणजे साइटबरोबर डाउनलोड होणारे फॉन्ट, जड असतात, जोडाक्षरांचे आकार भरायचे म्हणून. ते कुणी बोलत नाही.

सातपूरचा कोडर
ताई, फॉन्ट लादायचाच कशाला? विंडोजमध्ये निर्मला यूआय आहे, आयफोनमध्ये कोहिनूर आहे, अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी नोटो. दरपत्रकाला तेवढं पुरे. मराठी मजकूर ‘फाटतो’ त्याचं खरं कारण वेगळंच आहे: इंग्रजीसाठी केलेली थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, आपण तशीच वापरतो.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात. ते शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या १.२ पट असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो, मी १.६ च्या खाली जातच नाही. बटणाला पक्की उंची आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते लपव) दिलं की ‘बुकिंग’ची वेलांटी वरून छाटली जाते, उंची काढा, पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. आणि पानाच्या कोडमधल्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग (भाषा) ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहा. ज्या फॉन्टात सोय आहे, त्यात मराठी वळणाचे ल आणि श आपोआप येतात, हिंदीतले नाही. चहा संपायच्या आत होणारं काम आहे.

अंबड लिंक रोड
इंग्रजी ठेवा, विषय संपला. सगळ्यांना कळतं.

गोदाकाठचा
सगळ्यांना म्हणजे तुमच्या ऑफिसातल्यांना. सटाण्याहून आजीला घेऊन येणाऱ्याला विचारा.

द्राक्षबाग, मखमलाबाद
मजकूर टाकला की सगळं सुटतं, हे मला पटत नाही. आमच्या उत्पादक गटाच्या साइटवर सगळं युनिकोडच आहे. तरी ‘शेतकऱ्यांसाठी’ शोधलं की निम्मी पानं गायब! त्यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. ‘ॲप’चा ‘ॲ’ तसाच. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची ठरलेली रीत) केलं तरी ते एक होत नाहीत, आम्ही करून बघितलं.

सातपूरचा कोडर
बरोबर, ते तुमचं तुम्हालाच करावं लागतं. मजकूर साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या. दोन-तीन रिप्लेसचं काम.

आकड्यांचंही बघा. मराठी कीबोर्डवरून कुणी मोबाइल नंबर देवनागरीत टाकला की फॉर्म ‘नंबर चुकीचा’ म्हणतो, कारण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट भाषेच्या रेजेक्समधला (मजकूर तपासायच्या नमुन्यातला) अंकांसाठीचा ‘डी’ फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक ओळखतो. गंमत म्हणजे पायथन भाषेतला, मजकुराचा आकडा करणारा ‘इंट’ ‘१२’ मुकाट्याने बारा म्हणून घेतो. नावाच्या रकान्याला १० ची मर्यादा घातलीत तर ‘त्र्यंबकेश्वर’ बसणारच नाही. दिसायला पाच अक्षरं, कॉम्प्युटरने हलन्त-मात्रा धरून मोजली तर तेरा.

रंगरेषा
म्हणजे मीच म्हणत होते ना, की हे फुकटात होत नाही? हे सगळं तपासायचे पैसे कोटेशनमध्ये घातले की क्लायंट पुतण्याकडून साइट करून घेतो. दरपत्रक मजकुरात करते, मान्य. दर बदलला की अख्खं पोस्टर पुन्हा करायचा ताप माझाच वाचेल. पण हेडिंगचं सुलेखन चित्रातच राहणार, त्यात तडजोड नाही.

गोदाकाठचा
राहू द्या की. एसव्हीजी (रेषांनी साठवलेलं चित्र) करा आणि ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणाऱ्या मजकुरात, तेच शब्द मराठीत लिहा, ‘बॅनर १’ नको.

रंगरेषा
ऑल्ट लिहीन. पण वळणदार अक्षराचा एसव्हीजी कधीकधी जेपीजीहून जड होतो, तेव्हा कोणता टाकायचा ते मी ठरवीन.