पी. सी. सरकार यांच्यावर भाषण: ५०० रुपयांत कोणती जादू?

आईची_धावपळ: लेक पाचवीत आहे. शाळेत आवडत्या कलावंतावर पाच मिनिटं बोलायचंय आणि तिनं जादूगार पी. सी. सरकार (थोरले, प्रतुलचंद्र) निवडलेत. शेवटी त्यांचीच एक जादू करून दाखवायचीय. तिला करवतीनं बाई कापायचीय, मला ते नको वाटतंय. बजेट ५०० रुपये, हातात आठ दिवस. काय घेऊ?

ठाणेकर: सरळ चांगला संच घ्या. भाच्यासाठी २८०० चा मागवला होता, तीन वर्षं झाली, काही मोडलेलं नाही. ५०० मध्ये येतं ते प्लास्टिक दोन दिवसांत फुटतं.

निळी_छत्री: ताजमहाल गायब केला ते हेच ना? त्यावर बोलू दे, मुलं खूश होतील.

जुना_प्रेक्षक: नाही हो. ताजमहाल २००० साली, तो त्यांच्या मुलाचा प्रयोग. थोरले सरकार ६ जानेवारी १९७१ ला जपानच्या दौऱ्यावर असतानाच गेले. पोरीला चुकीचं बोलायला लावू नका. आणि आपले पुण्याचे रघुवीर भोपळे असताना सरकारच का? लहानपणी सांगलीत रघुवीरांचा खेळ पाहिलाय, अजून डोळ्यांसमोर आहे.

वऱ्हाडी_ठेचा: ताई, 'वॉटर ऑफ इंडिया' करा. लोटा पालथा करून रिकामा दाखवायचा, दुसरा खेळ करायचा, परत लोट्यात पाणी! सरकारांच्या कार्यक्रमात तो लोटा मधूनमधून येतच राहायचा. माझा पितळी आहे, १४०० चा. आतून दुहेरी भिंत असते, काठाजवळच्या बारीक भोकावर अंगठा ठेवला की...

मंचामागे: थांबा! भेद असा चारचौघांत फोडू नका. पंधरा वर्षं मी वाढदिवसांना प्रयोग करतोय, घर त्यावर चालतं.

वऱ्हाडी_ठेचा: भाऊ, जादूच्या कुठल्याही पुस्तकात आहे हे. आणि ताई, स्वस्तातला लोटा नका घेऊ. माझा पहिला डाग दिलेल्या जागी गळायचा, ऐन कार्यक्रमात सतरंजी भिजली.

ठाणेकर: मी तेच म्हणतोय. २८०० चा संच.

तळकोकण: 'एक्स-रे आइज' करा, खर्च शून्य. डोळ्यांवर कणकेचे गोळे, वर पट्टी, आणि फळ्यावर लिहिलेलं वाचायचं. सरकारांचा गाजलेला प्रयोग. कणीक मात्र घट्ट मळा. आमच्या मुलाच्या पापण्यांत चिकटली, कोमट पाण्यानं काढताना रडून रडून बेजार झाला.

वाचनवेडी: मी म्हणेन, जादूपेक्षा ९ एप्रिल १९५६ ची गोष्ट सांगू दे. बीबीसीचा 'पॅनोरमा', थेट प्रक्षेपण. सरकारांनी १७ वर्षांच्या मुलीला टेबलावर निजवून तिच्या कमरेतून करवत फिरवली. मग तिला उठवायला गेले, तर ती हलेना. त्यांनी तिच्या तोंडावर कापड घातलं, आणि निवेदक रिचर्ड डिंबल्बी पुढे येऊन प्रेक्षकांचा निरोप घेऊन मोकळे! मुलगी खरंच मेली असं समजून लोकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाईनी तुंबल्या. वेळ संपली म्हणून कार्यक्रम थांबवला, असं बीबीसीनं सांगितलं. मला मात्र तो सरकारांनी ठरवून साधलेला शेवट वाटतो, कारण लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये त्यांचे खेळ लागले होते आणि या रात्रीनंतर तिकिटं मिळेनात. टीव्हीची ताकद इतक्या लवकर ओळखली, म्हणून मला ते मोठे वाटतात.

जुना_प्रेक्षक: हे छान सांगितलंत. १९६४ चं पद्मश्रीही बोलण्यात येऊ दे.

मंचामागे: आणि कापायचा प्रयोग नकोच. पेटी जड असते, तालीम महिनाभर लागते. पाचवीच्या मुलीचं काम नाही.

आईची_धावपळ: सगळ्यांचे आभार. बीबीसीची गोष्ट लेकीला वाचून दाखवली, आणि तिनं तिथंच ठरवलं: कापायचंच! शेजाऱ्यांकडून फ्रिजचं खोकं आणलं, सोनेरी कागद १२० रुपयांचा, करवत पुठ्ठ्याची. मावसबहीण मदतीला येतेय. तोंडावर कापड घालून मैत्रिणीनं "वेळ संपली" म्हणायचं, हा शेवट लेकीनंच बसवलाय. आता दोघींच्या मापाचे, एकाच रंगाचे मोजे तेवढे आणायचे राहिलेत.